नारळ खंय गेलो?

वेळेवाडीच्या हायस्कुलात अँजेलिना पिंटो विज्ञान शिकवायला लागली त्याला चौदा वर्षं झाली होती. या चौदा वर्षांत तिच्या मुलांनी तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनात नऊ बक्षिसं आणली. सोड्याचा ज्वालामुखी, पुठ्ठ्याची पवनचक्की, थर्माकोलचं धरण. बक्षिसाचा फोटो मुख्याध्यापकांच्या खोलीत लागायचा, पवनचक्की प्रयोगशाळेच्या माळ्यावर जायची, आणि पुढच्या मे महिन्यात वाळवी लागलेला तो पसारा खाली काढून शिपाई बंबात घालायचा.

खरं सांगायचं तर त्या नवातली सहा मॉडेल्स अँजेलिनानेच केली होती. मुलं पुठ्ठा कापायची, तो वाकडा जायचा, मग ती घरी घेऊन यायची. तिचा नवरा ब्लेझ मालवणच्या बाजारात बेकरी चालवायचा. संध्याकाळी दमून आलेला तो माणूस स्वयंपाकघरातल्या टेबलावर धरणाचे दरवाजे चिकटवत बसायचा आणि म्हणायचा, "अँजी, मी नववी कितव्यांदा करतंय गो?"

त्या जूनमध्ये तिला या सगळ्याचा कंटाळा आला. शाळा सुरू होऊन आठवडा झाला होता. नववीच्या एकतीस मुलांना तिने एकेक कोरी चिठ्ठी दिली आणि सांगितलं, "या वर्षी मॉडेल नाही. आपल्या गावात काय चुकतंय असं तुम्हाला वाटतं, तेवढं लिहा. नाव नको."

चिठ्ठ्या तिने घरी नेऊन वाचल्या. एसटी वेळेवर येत नाही. माकडं शहाळी पाडतात. मुलींच्या संडासाला आतून कडी नाही, असं सात जणींनी लिहिलं होतं. ते वाचून तिला स्वतःचीच लाज वाटली, आणि दुसऱ्या दिवशी शाळा भरायच्या आत तिने सुताराकडून कडी बसवून घेतली. मग एक चिठ्ठी निघाली. चार ओळींची.

"दिवाळीत जो मुलगा बुडाला त्याला कुणी सांगितलं नव्हतं. तिथे पाणी ओढतं हे आपल्याला सगळ्यांना माहीत होतं. आपण रोज तिथून जातो. आपण सांगितलं नाही."

खाली नाव नव्हतं. पण चौदा वर्षं वह्या तपासलेल्या बाईला अक्षर ओळखायला नाव लागत नाही. ते गौरजाचं होतं, भाई केळुसकरांच्या मुलीचं. भाईंचा होमस्टे समुद्राला अगदी लागून, आणि गेल्या दिवाळीत बुडालेला तो घाटावरचा अठरा वर्षांचा मुलगा त्यांच्याकडेच उतरला होता. अँजेलिनाने चिठ्ठी घडी करून पर्समध्ये ठेवली आणि गौरजाला काही विचारायचं नाही असं ठरवलं. तिला बोलायचं असेल तेव्हा ती बोलेल.

दुसऱ्या दिवशी तिने सगळ्या चिठ्ठ्या वर्गात वाचून दाखवल्या. माकडांच्या चिठ्ठीला हशा पिकला. मग तिने त्या चार ओळी वाचल्या. गौरजा पट्टीने बाक खरवडत होती.

मागच्या बाकावरून मिहीर म्हणाला, "टीचर, खरा आसा ता. सुरूच्या बनासमोर कोणच पोवणत नाय. माका बारक्यापणापासून ठाऊक आसा."

मग सगळेच एकदम बोलायला लागले. कुणाच्या काकाला ओढलं होतं, कुणाचं वासरू गेलं होतं. गावातलं प्रत्येक पोर ती जागा जाणून होतं.

"मग पाहुण्यांना का नाही सांगत आपण?" अँजेलिनाने विचारलं.

ग्लेनिशा म्हणाली, "तेंनी कधी इचारलाच नाय, टीचर."

पुढच्याच क्षणी कुणीतरी ओरडलं, "बोर्ड लावूया!" आणि कुणीतरी उत्तर दिलं की बोर्ड तर आहेच. तेव्हा शनिवारी अर्धी शाळा सुटल्यावर बोर्ड बघायला सगळा वर्ग समुद्रावर गेला.

बोर्ड होता. गंजलेला, 'धो' गळून नुसता 'का' उरलेला, आणि किनाऱ्याच्या पार उत्तरेच्या टोकाला उभा. त्याच्यासमोर गुरं डुंबत होती. जवळच पालथ्या घातलेल्या होडीच्या सावलीत काशीबाई बसली होती. काशीबाईने चाळीस वर्षं रापणीवर काढलेली. पुरुष दोन्ही बाजूंनी दोर ओढून जाळं किनाऱ्यावर आणायचे आणि बायका मासळी निवडायच्या; जाळं येईपर्यंत तासन्‌तास पाण्याकडे बघत बसणं हे तिचं निम्मं आयुष्य. आता रापण बंद झाली होती, पण बसायची जागा तिने सोडली नव्हती.

"तो बोर्ड खोटा बोलता," काशीबाई म्हणाली. "सात वर्सां झाली तेका. तेवा ओढ थंय होती. आता थंय ढोरां पोवतत. ओढ म्हंजे काय माडाचो बुंधो, एकदा रोवलो की हललोच नाय? रेती सरकता तशी ती सरकता. पावसानंतर बगा, नवी जागा धरतली."

"मगे तुका कशी कळता, आजी?" गौरजाने विचारलं. त्या दिवसातलं तिचं पहिलं वाक्य.

"लाटा खंय फुटनत नाय ता बगूचा. माणसां शांत पाणी बगतत आणि थंयच न्हावक उतारतत. शांत कशाक आसा? थंयसून पाणी भायर जाता म्हणान." काशीबाई उठली. वाहून आलेला एक सुका नारळ तिने उचलला आणि लाटेत भिरकावला. नारळ दोन लाटांवर डोलला आणि परत तिच्या पायाशी आला. मग ती मुलांना घेऊन सुरूच्या बनापर्यंत चालत गेली आणि तसाच दुसरा नारळ टाकला. तो आला नाही. बघता बघता तो आत, आणखी आत गेला, आणि काळा ठिपका झाला.

"नारळ परत इलो तर पाणी बरा," ती म्हणाली. "नाय इलो तर तू जाव नको. ह्येच्यापेक्षा जास्ती माका काय येणा नाय."

अँजेलिनाने घरी जाऊन त्या विषयावर वीस पानांचं सादरीकरण तयार करायला घेतलं होतं. बाण, रंग, आकृत्या सगळं. तिसऱ्या पानावर ती थांबली. काशीबाईने एका नारळात जे सांगितलं त्याच्यावर तिच्या बाणांनी काय भर पडणार होती? आणि पुन्हा तेच होणार होतं. मुलं बघणार, बाई करणार. तिने लॅपटॉप मिटला.

सोमवारी तिने मुलांना एकच प्रश्न विचारला. "ओढ सरकते, मग ती आज कुठे आहे हे गावाला रोज कसं कळणार?"

उत्तर यायला दोन आठवडे लागले. ते दोन आठवडे तिला फार जड गेले. उत्तर तिच्या जिभेच्या टोकावर होतं आणि ती जीभ चावत होती. शेवटी मिहीरने ते काढलं: रोज सकाळी नारळ टाकायचा, आणि तो कुठे जातो ते वहीत लिहायचं.

मुख्याध्यापक गुरुप्रसाद सामंत हे ऐकून खुर्चीतच ताठ झाले. "मॅडम, पोरं समुद्रावर? एखादं पाण्यात गेलं तर मी कुणाला तोंड दाखवू?"

त्यांचं चुकत नव्हतं. अँजेलिनाने प्रत्येक पालकाची लेखी परवानगी आणली. घोट्याच्या वर पाणी लागलं की त्या दिवसाचं काम बंद, असा नियम केला. ग्लेनिशाचे वडील आंतोन मच्छीमार होते. ते रोज ट्यूब आणि दोर घेऊन उभे राहायला तयार झाले. तेव्हा कुठे सामंत सरांनी सही केली, आणि सही केल्यावर म्हणाले, "पहिल्या दिवशी मीपण येतो."

नारळी पौर्णिमेनंतर काम सुरू झालं. शाळेच्या आधी, सकाळी साडेसहाला, रोज चार मुलं पाळीपाळीने. वाळूत ठरावीक अंतरावर बांबू रोवलेले. एकजण नारळ टाकायचा, एकजण सेकंद मोजायचा, एकजण बांबूंवरून अंतर बघायचा, एकजण लिहायचा, आणि काशीबाई होडीजवळून ओरडायची, "नारळ खंय गेलो?" मुलं उत्तर द्यायची. कधी ती मान डोलवायची, कधी म्हणायची, "खोटा. परत टाका."

मिहीरच्या वहीत तारीख होती, तिथी होती, भरती की सुकती ते होतं, आणि नारळाचा हिशेब होता. घराघरांतल्या आया कुरकुरायला लागल्या की कालवणाला नारळ उरत नाही. दसऱ्यापर्यंत एक्केचाळीस सकाळी भरल्या. "टीचर," मिहीर गंभीरपणे म्हणाला, "सत्तावीस नारळ दर्यान खाल्ले." पण त्या बदल्यात दर्याने बरंच काही सांगितलंही होतं. ओढीच्या जागा एक नव्हे, दोन होत्या. त्यातली एक महिनाभरात ऐंशी पावलं दक्षिणेला सरकली होती. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास, पाणी उतरत असताना, म्हणजे सुकतीला, ती सगळ्यात जोरात ओढायची. काशीबाईला वही वाचून दाखवली तेव्हा ती बराच वेळ ऐकत राहिली आणि म्हणाली, "ह्या सगळा माझ्या डोक्यात होता? माका ठाऊक नव्हता."

मग मुलांनी झेंडे केले. ब्लेझच्या बेकरीतले तेलाचे रिकामे डबे, त्यात सिमेंट, सिमेंटात बांबू, बांबूला लाल कापड. ओढ सरकली की डबाही सरकवायचा. बांबू वाकडे बसले होते. अँजेलिनाचे हात ते सरळ करायला शिवशिवत होते. तिने ते पदराखाली बांधून ठेवले. दिवाळीची गर्दी सुरू झाली तेव्हा दोन्ही ओढींसमोर लाल झेंडे फडफडत होते, आणि नववीचा वर्ग ऐटीत किनाऱ्यावर उभा होता.

आणि लोक थेट झेंड्यांकडेच आले.

झेंडा फोटोत छान दिसत होता. गॉगल लावलेली जोडपी बांबूला टेकून उभी राहायला लागली. एका कुटुंबाने झेंड्याभोवती गोल करून फोटो काढला आणि तिथेच पाण्यात उतरलं. आंतोन आणि मुलांनी ओरडून ओरडून त्यांना बाहेर काढलं. त्यातल्या एका बाई ग्लेनिशाला म्हणाल्या, "अगं, रंग मस्त निवडलाय तुम्ही!" ग्लेनिशाला हसावं की रडावं कळेना. संध्याकाळी मुलांनी झेंडे काढून शाळेच्या व्हरांड्यात आणून टाकले आणि ती घरी गेली.

त्या रात्री जेवताना ब्लेझने विचारलं, "आता तू काय करतलंस?"

"काही नाही," अँजेलिना म्हणाली. "तेच कठीण आहे."

तीन दिवसांनी गौरजा तिच्या घरी आली. "टीचर, लोक बोर्डाचं ऐकत नाहीत, झेंड्याचं ऐकत नाहीत. वाढणाऱ्याचं ऐकतात."

"म्हणजे?"

"आमच्याकडे पाहुणे येतात ना, त्यांना घावणे कशाशी खायचे ते माहीत नसतं. माई, माझी आई, सांगते, नारळाच्या रसात बुडवून खा. तसेच खातात. ती सांगते, उन्हात जाऊ नका, जात नाहीत. माईचं ऐकतात. मग पाण्याचंही माईनेच सांगायला हवं. सकाळच्या चहाबरोबर. आम्ही रोज तिला कळवू, आज ओढ कुठे आहे ते. गावात चौदा होमस्टे आहेत. चौदा घरांनी सांगायचं."

अँजेलिना खुर्ची ओढून खाली बसली. तिच्या जिभेवर असलेलं उत्तर हे नव्हतं. तिला मोठा भोंगा सुचला होता.

दिवाळी सरता सरता सरपंच सुगंधाताईंनी ग्रामपंचायतीच्या हॉलमध्ये सगळ्या होमस्टेवाल्यांना बोलावलं. मिहीरने वही वाचली. ग्लेनिशाने किनाऱ्याचा नकाशा भिंतीवर लावला. लोक कौतुकाने बघत होते, मोबाईलवर फोटो काढत होते. मग भाई केळुसकर उठले. गोरेपान, गळ्यात तुळशीची माळ, गावात शब्दाला वजन असलेला माणूस.

"पोरांनी काम बरा केल्यानी," ते म्हणाले. "पण माका एक सांगा. पाहुणो सुट्टीक येता. तो चाय पिता पिता तेका मरणाची गोष्ट सांगूची? तो बॅग भरतलो आणि पुढल्या गावाक जातलो. आमच्या पोटार पाय कशाक?"

चारपाच जण हसले, बाकीच्यांनी माना डोलावल्या. हॉलमधली हवा फिरली हे अँजेलिनाला स्पष्ट दिसलं. तिच्याकडे उत्तर होतं, चांगलं, मुद्देसूद, आकडेवारीसकट. ती खुर्चीतून अर्धी उठलीसुद्धा. पण तिच्या पुढच्या रांगेत गौरजा उभी राहिली होती. अँजेलिना परत बसली.

गौरजा सभेकडे बघत नव्हती. फक्त वडिलांकडे बघत होती.

"बाबा, तेनी माका इचारलेला."

"कोणी?"

"गेल्या दिवाळीत जो गेलो, तेनी. मी अंगणात होतंय. मांजराक बिस्कूट घालीत होतो तो. माका म्हणालो, पाणी खंय चांगला आसा गो? माझ्या हातात मोबाईल होतो. मी वर बघूकच नाय. मी म्हटलंय, खंयय जावा." तिचा आवाज चिरकला, पण ती थांबली नाही. "चार शब्द जास्ती बोललंय असतंय तर तो परत इलो असतो. तुमी म्हणतात पाहुणे जातले. जाऊ देत. पुढल्या गावाक गेले तरी जिते तरी रवतले."

 कुणाकडेही न बघता भाई चपला घालून बाहेर निघून गेले.

सुगंधाताई उठून उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "ज्या घरांक मान्य आसा तेंनी हात वर करा."

पहिला हात मागून आला. गौरजाची आई, माई, भिंतीला टेकून उभी होती. तिच्या गालांवर पाणी ओघळत होतं. "केळुसकरांच्या घराचो हात मी वर करतंय," ती म्हणाली. पाठोपाठ दहा हात वर आले. तीन घरांनी नाही म्हटलं.

दिवाळीची सुट्टी संपून शाळा भरली तेव्हा दोन दिवस गौरजा आली नाही. अँजेलिनाच्या जिवाला घोर लागला. आपण या पोरीला फार पुढे ढकललं की काय, असं तिला राहून राहून वाटत होतं. तिसऱ्या दिवशी गौरजा आली, ती सरळ स्टाफरूमच्या दारात.

"बाबा बोलत नाहीत माझ्याशी," ती म्हणाली. "पण टीचर, मला आता झोप लागते."

चहाबरोबर काय सांगायचं ते वर्गाने अकरा वेळा लिहिलं आणि खोडलं. लांब झालं तर माई विसरेल. घाबरवणारं झालं तर पाहुणा ऐकणार नाही. शेवटी तीन वाक्यं उरली. रोज सकाळी साडेसातला ती अकरा घरांच्या मोबाईलवर जायला लागली: "आज सुरूच्या बनासमोर ओढ आहे. देवळासमोर पोहा, पाणी छान आहे. चुकून ओढीत सापडलात तर किनाऱ्याकडे झुंजू नका, अंग सोडून किनाऱ्याला समांतर, आडवे पोहा, बाहेर याल." जागा बदलली की पहिलं वाक्य बदलायचं. झेंडेही पुन्हा उभे राहिले, पण आता त्यांचा अर्थ सांगणारं माणूस घरोघर होतं.

डिसेंबरात मुलं तालुक्याच्या प्रदर्शनाला गेली. परीक्षकांनी विचारलं, "वही झाली, नकाशा झाला. मॉडेल कुठाय?" मिहीर म्हणाला, "समुद्रावर आहे, सर." बक्षीस पवनचक्कीला मिळालं, दुसऱ्या शाळेच्या. मुलं परतीच्या एसटीत गाणी म्हणत आली.

नाताळच्या आदल्या दिवशी दुपारी अँजेलिना घरी दोदोल करत होती. तांदळाचं पीठ, नारळाचा रस, गूळ. हे मिश्रण एकदा चुलीवर चढलं की ढवळणं थांबवता येत नाही, थांबलं की लागलंच. ब्लेझ बेकरीत केकच्या गडबडीत होता. ती एकटीच घामाघूम होऊन ढवळत असताना मागच्या दारात कुणीतरी खाकरलं. भाई केळुसकर.

"या भाई, बसा. मला हात काढता येत नाही."

भाई बसले नाहीत. चुलीजवळ येऊन उभे राहिले. कढईकडे बघून म्हणाले, "द्या हंय तो कालथो. हात भरान इले असतले तुमचे."

त्यांनी कालथा घेतला आणि ढवळायला लागले. ढवळता ढवळता, कढईकडेच बघत, बोलायला लागले.

"मिरजेचे एक मास्तर उतारलेले आमच्याकडे. वांगडा दोन बारकी चेडवां. काल सकाळी माई बहिणीकडे गेलली, चाय मीच दिलंय. मोबाईलार पोरांचा लिवलेला होता. तोंड वाकडा करून वाचलंय, टीचर. पण वाचलंय. तीनय वाक्यां." कालथा दोनदा गोल फिरला. "ते देवळासमोरच उतारले. चेडवाचो चेंडू व्हावत गेलो, तेच्या मागसून हे गेले, आणि गावले ओढीत. माका सांगत होते, आदी हातपाय मारलंय, मगे तुमचा वाक्य आठावला. अंग सोडलंय. आडवो पोवत गेलंय. बनाच्या पलीकडे, लांब, वाळूर लागले. थंयसून चलत इले, माझ्या अंगणात. थरथरत होते. माझे पाय धरल्यानी."

अँजेलिनाने चुलीतलं एक लाकूड मागे ओढलं. गुळाचा वास घरभर पसरला होता.

"मी तेंका उठवलंय. म्हटलंय, माझे कशाक धरतात? माझ्या चेडवाचे धरा." भाईंनी कढईचा तळ खरवडला. "वर्सभर ती जेवताना मान खाली घालून बसायची. माका वाटला अभ्यासाचो ताण. एकदा इचारूक नाय मी. एकदाय नाय."

"आता बोललात तिच्याशी?"

"काल. मी बोललंय कमी, रडलंय जास्ती." भाईंनी सदऱ्याच्या बाहीने डोळे पुसले आणि कढईत डोकावले. "ह्या झाला की नाय? कडेन सुटाक लागला."

झालं होतं. अँजेलिनाने एका ताटलीत गरम दोदोल काढून त्यांच्यापुढे ठेवला. जाताना दारात थांबून भाई म्हणाले, "ती तीन घरां रवली आसत ना, जी नाय म्हणाली? तेंच्याकडे मी जातंय. पोरांनी जावचा नाय." आणि ते गेलेही. नव्या वर्षाच्या पहिल्या सकाळी तीन वाक्यं चौदा घरांत गेली.

सव्वीस जानेवारीला झेंडावंदनासाठी कुणाला बोलवायचं यावर शाळेत दर वर्षी खल व्हायचा. या वर्षी झाला नाही. नववीच्या वर्गाने अर्ज दिला आणि सामंत सरांनी त्यावर फक्त 'होय' लिहिलं. काशीबाई आयुष्यात पहिल्यांदा हायस्कूलच्या फाटकातून आत आली, हिरवं नऊवारी लुगडं नेसून, केसात अबोली माळून. मागच्या बाजूला भाई आणि माई उभे होते, आंतोन होते, बेकरी तासभर बंद ठेवून आलेला ब्लेझ होता.

झेंड्याची दोरी कुणीतरी फार घट्ट बांधली होती. काशीबाईने ओढली, गाठ सुटेना. खेळाचे सर धावत पुढे आले. त्यांनीही दोनदा हिसका दिला. रांगेतली पोरं चुळबुळायला लागली. काशीबाईने सरांना हलकेच बाजूला केलं, दोरी वरपासून खालपर्यंत एकदा बोटांतून सरकवली, कुठेतरी अंगठा रोवला, आणि झटकन झेंडा उघडला. फुलं तिच्याच डोक्यावर पडली.

"जाळ्याची गाठ ही," ती मोठ्याने म्हणाली, "ओढून सुटणा नाय!" माईक चालू होता. सगळं मैदान हसलं, आणि राष्ट्रगीत हसऱ्या तोंडानेच सुरू झालं.

भाषण करायला ती तयार नव्हती. मिहीरने पुढे येऊन तिच्या हातात वही दिली, एव्हाना पाणी लागून फुगलेली, कोपरे दुमडलेली वही. पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहिलं होतं: मार्गदर्शक, काशीबाई. खाली एकतीस नावं. काशीबाईला वाचता येत नव्हतं. गौरजाने तिचं बोट धरून नावावरून फिरवलं. "ह्या माझा?" काशीबाईने विचारलं. "तुझा," गौरजा म्हणाली.

अँजेलिना शेजारीच उभी होती. तिने ते पान वरपासून खालपर्यंत वाचलं. तिचं स्वतःचं नाव त्यात कुठेही नव्हतं. मुलांना ते लिहावं असं सुचलंच नव्हतं. ज्या गोष्टी आपण स्वतः केल्या त्यांची नावं लिहिताना बाई कुणाला आठवतात? तिच्या छातीत काहीतरी भरून आलं, नऊ बक्षिसांच्या वेळी कधी आलं नव्हतं असं. ब्लेझने लांबून तिच्याकडे बघून भुवया उडवल्या.

जिलेबीची पाकिटं वाटायला सुरुवात झाली तोवर गौरजा आणि मिहीर फाटकाकडे पळालेसुद्धा होते. सुट्टीचा दिवस, किनारा भरलेला, आणि पाणी उतरायची वेळ झाली होती. "अरे, जिलेबी!" अँजेलिनाने हाक मारली.

"ठेवा, टीचर!" मिहीर पळता पळता ओरडला. "सुकती लागली!"

तिने दोघांची पाकिटं पर्समध्ये टाकली, काशीबाईला हाताला धरून पायरी उतरवलं, आणि दोघी समुद्राच्या वाटेला लागल्या.